समोरच्या घरचा जबाब

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरायच्या आधी एक चौकशी होते. ती कुणी सांगून करत नाही. दुपारच्या वेळी एखादा अनोळखी माणूस सोसायटीत येतो, खालची नावांची पाटी वाचल्यासारखं करतो आणि मुलीच्या घराची नाही, तर शेजारच्या घराची बेल वाजवतो. "समोरची मुलगी कशी आहे हो? सहज विचारतोय." शेजारणीनं त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि मुलीचे गोडवे गायचे, ही रीत. मुलगी कितीही भांडकुदळ असली तरी गरीब गाय म्हणायची. तिच्या आईशी आपला अबोला असला तरी म्हणायची. उद्या आपल्या पोरांचीही अशीच चौकशी व्हायची असते ना! मी स्वतः आमच्या इमारतीतल्या दोन-तीन मुली अशा खोटं बोलून उजवल्यात आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण मनात वाकडं असलं तर हीच शेजारीण एका वाक्यात बिब्बाही घालू शकते. तसं झालं की मुलीकडच्यांना कधी कळतही नाही. समोरून फक्त निरोप येतो, पत्रिका जुळत नाही म्हणून.

माझ्या पूर्वाच्या वेळी चौकशीला आला तो पोलीस होता, आणि समोरच्या श्यामलाला तो मुलाकडचा माणूस वाटला. हसायचं असेल तर इथंच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं काही नाही.

मी चंपा. आम्ही मूळचे अकोल्याचे. ह्यांना चिंचवडला कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आलो आणि कोथरूडला हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पूर्वा चौथीत असताना हे गेले. नातेवाईक म्हणाले परत या, मी म्हटलं येणार नाही. घरात पाळणाघर काढलं. तेव्हा लोक नाकं मुरडायचे, पैसे देऊन पोर कोण ठेवतं म्हणून. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, आणि नवरा-बायको दोघंही सकाळी सातच्या बसनं जायला लागले, तशी माझ्या दारात रांग लागली. त्याच कंपन्यांतल्या एकीत पुढं माझी पूर्वा लागली. त्या दिवशी पाळणाघरातल्या सगळ्या पोरांना मी जिलबी खायला घातली.

आमच्या मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार. समोर श्यामला आणि तिचा मुलगा संजय. तिचा नवरा फार पूर्वीच घर सोडून गेला, कुठं ते आम्ही कधी विचारलं नाही. दोन एकट्या बायका, त्यामुळे आमची दारं दिवसभर उघडीच असायची. विरजण तिच्याकडून, कढीपत्ता माझ्याकडून. संजय पूर्वापेक्षा तीन वर्षांनी मोठा, लहानपणी तिचं दप्तर उचलायचा. मोठेपणी भोसरीला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. पोरगा सरळ, कष्टाळू, पण कंत्राटी नोकरीवाल्याला मुलगी द्यायला त्या दिवसांत कोण तयार होतं? प्रत्येकीला कंप्युटरवाला हवा, नाहीतर परदेशातला. श्यामलानं एकदोनदा मला सुचवलं होतं, "आपली पोरं लहानपणापासून एकत्र आहेत, नाही गं?" मी ते हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मलाही परदेशातलाच हवा होता.

तसा तो मिळाला. शुभंकर, कॅनडात सॉफ्टवेअरमध्ये. आईवडील सहकारनगरला. वडील रावसाहेब, बँकेतून निवृत्त. बोलणं मोजकं आणि प्रत्येक वाक्याला धार. शुभंकर सुट्टीवर आला होता, दोघांनी एकमेकांना पाहिलं, चारदा भेटले, पसंत पडले. रावसाहेब म्हणाले, "आत्ता रजिस्टर करून घेऊ, म्हणजे व्हिसाचे कागद सरकतील. विधी डिसेंबरात, तो परत आला की. मात्र तोपर्यंत बाहेर वाच्यता नको. आमच्याकडे अक्षता पडल्याशिवाय लग्न झालं असं धरत नाहीत." मला ते खटकलं. अहो, सरकार धरतं आणि तुम्ही धरत नाही, असं ओठांवर आलं होतं. पण मुलीची आई, गिळलं. सही झाली, घरी येऊन शिरा खाल्ला, शुभंकर परत गेला. सोसायटीत कुणाला पत्ता नाही. श्यामलालासुद्धा मी सांगितलं नाही.

मग कॅनडाहून कागद मागवले गेले. फोटो, दाखले, डॉक्टरची तपासणी, आणि त्यातच पोलिसांचं प्रमाणपत्र, की या बाईवर कुठला गुन्हा नाही. नवऱ्याकडे नांदायला जायला पोलिसांचा दाखला! माझ्या आईला सासरी जाताना फक्त बैलगाडी लागली होती. पण पूर्वा म्हणाली, "आई, सगळ्यांनाच लागतं ते." हे सगळं ठरलेल्या तारखेच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर फाईल बंद आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पासपोर्ट ऑफिसात अर्ज दिला. तिथून कागद पोलिसांकडे, पोलिसांकडून आमच्या भागातल्या चौकीवर. घरी कुणीतरी चौकशीला येईल, असं सांगितलं होतं. आम्ही वाट बघत होतो खाकी कपड्यातल्या माणसाची.

तो आला शनिवारी. शनिवारी पाळणाघर बंद, म्हणून मी आणि पूर्वा लक्ष्मी रोडला डिसेंबरसाठी शालू बघायला गेलो होतो. परत आलो तर श्यामला दारातच होती. एरवी पिशवी हातातून ओढून घेऊन बघणारी बाई, त्या दिवशी नुसतं "खरेदी का?" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. पोलीस अहवाल प्रतिकूल. पूर्वाच्या कंपनीत कामाची घाई होती, रविवारीसुद्धा बोलवत होते, म्हणून पाळणाघर मदतनीस बायडाबाईंवर सोडून मी एकटीच चौकीवर गेले.

चौकशी करणारे हवालदार मच्छिंद्र टेबलाशी डबा खात होते. साधा चौकड्याचा शर्ट, पायात चपला. बघितल्यावर कुणी पोलीस म्हणणार नाही. त्यांनी शांतपणे डबा मिटला, हात धुतले, कागद काढला.

"मुलीला पूर्वी अटक झालेली आहे," ते म्हणाले.

"कुणाच्या मुलीला?"

"तुमच्या."

मी ओरडले. चौकीत ओरडू नये एवढं मलाही कळतं, पण पाळणाघर चालवणाऱ्या बाईचा आवाज एकदा चढला की उतरायला वेळ लागतो. माझं संपल्यावर हवालदारांनी वाचून दाखवलं. मुलगी हिंजवडीच्या कंपनीतल्या मुलांबरोबर कुठल्याशा हॉटेलात पार्टीत सापडली. पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवलं. आईनं पैसे चारून सोडवून आणलं. शिवाय मुलीचं लग्न झालेलं नाही.

"कोण म्हणालं हे?"

"तुमच्या समोरच्या बाई."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकतंय. "तुम्ही पोलीस आहात, असं सांगितलं होतंत तिला?"

"आधी नाही सांगत मी," हवालदार म्हणाले. "पोलीस म्हटलं की लोक तोंड शिवून बसतात. म्हणून आधी बोलू देतो, मग कागद काढतो. इतकी वर्षं असंच करतोय. बाईंनी बसवलं, पोहे केले, वर लिंबू पिळून दिलं. आग्रहानं दोनदा वाढले."

पोहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कांदेपोहे! सटवीला वाटलं, मुलाकडचा माणूस चौकशीला आलाय. म्हणून तिनं बिब्बा घातला.

"आणि कागद काढल्यावर?"

"कागद काढल्यावर गप्प झाल्या. मी म्हटलं, बाई, हे सगळं खरं ना? खरं असेल तर सही करा." त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "केली."

ती सही मी ओळखत होते. सोसायटीच्या सभेत माझ्या सहीखाली नेहमी तीच असायची.

हवालदार माणूस वाईट नव्हता. म्हणाले, आमच्या ठाण्यात असली काही नोंद नाही, पण जबाबात आलंय म्हटल्यावर शहरातल्या सगळ्या ठाण्यांना विचारावं लागतं, त्याला वेळ जाणार. त्या बाईंनी स्वतः येऊन चूक झाली म्हणून लिहून दिलं तर काम लवकर सुटेल. मग उठता उठता म्हणाले, "अर्जात लग्न झालंय आणि जबाबात नाही, म्हणून सासरच्या पत्त्यावरही विचारायला सांगितलंय. तिकडचे लोक जाऊन आले असतील एव्हाना."

"सासरी?" मी पुन्हा खाली बसले.

संध्याकाळी रावसाहेबांचा फोन आलाच. "आज आमच्याकडे दोन पोलीस येऊन गेले," ते म्हणाले. "आम्ही बोलावले नव्हते. सुनेला अटक कधी झाली होती, असं विचारत होते. आम्हाला सांगता आलं नाही. आपण दिलेल्या पत्रिकेत तो योग कुठं दिसला नाही."

मी जीव तोडून सांगितलं. खोटं आहे हो, शेजारच्या कुणीतरी गैरसमजातून बोललंय. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. शेवटी म्हणाले, "शेजाऱ्यांना आपण जास्त माहीत असता. आम्ही काय, लांबचे."

त्या रात्री शुभंकरचा फोन आला. पूर्वा गॅलरीत जाऊन बोलली. आत आली तेव्हा ती रडत नव्हती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आई, त्यानं 'हे कोण म्हणालं' असं नाही विचारलं," ती म्हणाली. "'नक्की तसं काही नव्हतं ना' असं विचारलं. तीनदा."

मी तिला श्यामलाचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्याच पावली समोरचं दार वाजवलं असतं, इमारत गोळा झाली असती, आणि मग श्यामला मेली तरी चौकीवर आली नसती. मला आधी ते प्रमाणपत्र हवं होतं. बाकी सगळं नंतर. पूर्वाला म्हणाले, "असेल कुणीतरी रिकामटेकडं."

दुसऱ्या दिवशी संजय कामावर गेल्यावर मी समोर गेले. श्यामला ओट्याशी होती. मला बघून तिनं गॅस बंद केला, म्हणजे तिला कळलंच होतं.

"पार्टीत सापडली होती का गं माझी पोर?" मी विचारलं. "मी कुणाला पैसे चारले? किती चारले? मलाही कळू दे."

ती खाली बसली. "मला वाटलं मुलाकडचा माणूस आहे."

"म्हणून?"

"म्हणून बोलले." मग तिला एकदम बांध फुटला. "तुला किती वेळा सुचवलं, चंपे. तू हसायचीस. माझ्या संजयला कुणी दारात उभं करत नाही. तो पूर्वाशिवाय कुणाचं नाव घेत नाही, तुला कधी दिसलं नाही? मला वाटलं, हे एक स्थळ फिरलं, अजून एखादं फिरलं, की तू आपणहून माझ्याकडे येशील. मला काय माहीत तिचं लग्न झालंय! तू मला सांगितलंस का? एवढी मी परकी?"

"आणि त्यानं कागद काढला तेव्हा? तेव्हा तर कळलं ना पोलीस आहे म्हणून? तेव्हा का नाही म्हणालीस, की मी खोटं बोलले?"

"घाबरले गं. पोलिसाला कसं सांगू, मघाशी खोटं बोलले म्हणून? मला आत टाकलं असतं तर? सही कर म्हणाला, केली."

मी तिच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात मी पाळणाघरातल्या पोरावरसुद्धा कधी हात उगारला नाही, पण त्या दिवशी वाजवली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तिनं गालाला हातसुद्धा लावला नाही. आणि लगेच, बघा काय वेळ असते माणसाची, मलाच तिच्यापुढं हात जोडावे लागले. सही तिची होती. ती आली नाही तर पोरीचं काहीच होणार नव्हतं.

"येते," ती म्हणाली. "पण आधी इकडे ये."

तिनं मला देव्हाऱ्यापुढं नेलं. "संजयला कळलं तर तो मला पुन्हा आई म्हणणार नाही. त्याला आणि पूर्वाला तू कधी सांगायचं नाहीस. पूर्वाच्या गळ्याची शपथ घे."

"माझ्या पोरीचं वाटोळं तू केलंस आणि शपथही तिच्याच गळ्याची?"

"दुसऱ्या कशाची तू पाळणार नाहीस."

ओळखून होती मला. मी शपथ घेतली. त्या वेळी त्या कागदासाठी मी कशाचीही शपथ घेतली असती. एकाच रिक्षातून आम्ही चौकीवर गेलो, ती त्या कडेला आणि मी या कडेला. मच्छिंद्र हवालदारांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता लिहून घेतलं, की माहिती ऐकीव होती, गैरसमजातून दिली. "आत कुणी टाकत नाही, बाई," ते म्हणाले. "पण पुन्हा कुणाला पोहे करायच्या आधी ओळखपत्र मागत जा."

प्रमाणपत्र आलं. बाकीच्या ठाण्यांची उत्तरं यायला लागला तेवढा वेळ लागला, तारीख अजून हातात होती. पूर्वा स्वतः जाऊन घेऊन आली. चेहरा पांढरा पडला होता, मला वाटलं उन्हामुळं. मी तिला पन्हं करून दिलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, प्रतिकूल काही नाही. मी तो कागद देवापुढं ठेवला, पेढे घेतले आणि स्वारगेटवरून बस बदलून सहकारनगर गाठलं.

रावसाहेबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. पेढ्यांचा पुडा उघडला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पोलिसांकडे काही नाही, एवढंच यात लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पोलिसांकडे नाही."

मी त्यांच्या पाया पडले. हो, पडले. मी, जी कुणाच्या बापाला ऐकून घेत नाही, ती त्या माणसाच्या पाया पडले. ते पाय मागं घेऊन म्हणाले, "अहो, उठा. तसंही आमच्याकडे अक्षता पडल्या नव्हत्या."

शुभंकरनं तिकडून तिला बोलावण्याचा अर्ज मागं घेतला. अक्षता पडल्या नव्हत्या, पण सही झाली होती ना! त्यामुळे ती सही सोडवायला कोर्टाच्या पायऱ्या मात्र पूर्वालाच चढाव्या लागल्या. सोसायटीला तिच्या लग्नाची आणि घटस्फोटाची बातमी एकाच वेळी कळली. अंगाला हळद लागली नाही, हातात हिरवा चुडा भरला नाही, आणि माझी लेक घटस्फोटित झाली. शालू कपाटात तसाच आहे, दुकानदाराच्या खोक्यात.

पुढं वर्षभर पूर्वा घरात असून नसल्यासारखी होती. सकाळी बसनं जायची, अंधार पडल्यावर यायची, ताटातलं संपवायची, झोपायची. मी शपथेला बांधलेली. एकदम बोलणं तोडलं तर पोरं विचारतील का म्हणून, त्यामुळे श्यामलाशी सगळं पूर्वीसारखंच ठेवलं. विरजण आणायला गेले, संक्रांतीला तिळगूळ दिला.

संजयला आईच्या जबाबाचा पत्ता नव्हता. पण तो जे जमेल ते करत राहिला. हिंजवडीच्या रस्त्यावर बस अडकून उशीर झाला की तो कोपऱ्यावर गाडी घेऊन उभा असायचा. तिच्या बंद पडलेल्या स्कूटीचं इंजिन त्यानं जिन्याखाली बसून खोललं आणि जोडलं. एकदा जिन्यातून मला पूर्वाचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी! मी गॅसवरचं दूध सोडून दाराशी जाऊन उभी राहिले. दूध उतू गेलं. आनंद झाला आणि लगेच आठवलं, तिच्याबरोबर जिन्यात कुणाचा मुलगा आहे ते.

पाडव्याला श्यामला वाटीभर श्रीखंड घेऊन आली. पूर्वा बाहेर गेली होती. "पोरांचं जमतंय, तुला दिसतंय ना?" ती म्हणाली. "आता नाही म्हणू नकोस. घटस्फोटित मुलीला आता कोण विचारणार? आम्हाला चालेल."

चालेल! ज्या बाईनं तिला घटस्फोटित केलं, तिला चालेल! माझा हात श्रीखंडाच्या वाटीवर गेला, फेकून मारायला. श्यामला जागची हलली नाही. "शपथ आहे तुला," ती हळूच म्हणाली. धमकी नव्हती हो ती. ती घाबरलेली होती, अजूनही. मी वाटी ओट्यावर ठेवली.

संध्याकाळी पूर्वा आली. मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते, ती माझ्यासमोर पाटावर बसली. कित्येक दिवसांत अशी बसली नव्हती.

"आई, संजयनं विचारलंय मला. लग्नाचं."

"मग?"

"मग तुला विचारतेय. मी नव्हते तेव्हापासून तू त्या घराला ओळखतेस. श्यामलाकाकू कशा आहेत गं?"

मी शेंगेची शीर ओढत राहिले. सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. पण तिच्या गळ्याकडे लक्ष गेलं, साध्या काळ्या दोऱ्यात ओवलेली, तिच्या बाबांनी आणलेली सोन्याची पुतळी होती तिथं. शपथ त्या गळ्याची. आणि खोटं कशाला बोलू, मनात दुसरंही आलं. पोर हसायला लागलीय. संजय चांगला आहे. सासू काय, आज आहे उद्या नाही. एका घरातून उठून समोरच्या घरात जाईल, माझ्या डोळ्यांसमोर राहील.

"चांगली आहेत माणसं," मी म्हणाले. "श्यामला जरा बोलघेवडी आहे, पण मनानं चांगली. मुलगा तर सोन्यासारखा. डोळे झाकून..."

तिथं माझी मीच थांबले. बेल वाजवून आलेल्या परक्या माणसांना मी हेच सांगत आले होते, याच शब्दांत, याच आवाजात.

"झालं सांगून?" पूर्वा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी प्रमाणपत्र आणायला गेले होते ना, तेव्हा वाटेत मच्छिंद्र हवालदार चौकीच्या दारात भेटले, अर्जावरच्या फोटोवरून ओळखलं त्यांनी मला. म्हणाले, तुमच्या समोरच्या बाई भल्या, स्वतः येऊन चूक सुधारून गेल्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की मला काही माहीत नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं."

"तेव्हापासून..."

"तेव्हापासून. मला वाटलं, आज सांगेल आई, उद्या सांगेल. तू त्यांच्याकडून विरजण आणत होतीस. ते दही मी जेवत होते." ती एक शेंग उचलून बोटांत फिरवत होती. "संजयला मी कालच नाही म्हटलं. का ते सांगितलं नाही, आई आहे ती त्याची. तुला फक्त विचारून बघायचं होतं. मी त्यांच्या घरात सून म्हणून जायला निघाले, तरी तू बोलतेस का."

"अगं, शपथ घातली होती तिनं," मी रडायलाच लागले. "तुझ्या गळ्याची. मी मोडली असती आणि तुला काही झालं असतं म्हणजे?"

पूर्वानं शेंग परत ताटात ठेवली.

"अजून काय व्हायचं राहिलं होतं, आई?"

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या बसनं गेली ती बॅग घेऊन. हिंजवडीलाच राहते, तीन मैत्रिणींबरोबर, कंपनीच्या मागच्या बाजूला. दर महिन्याला फोन करते. तब्येत विचारते, गोळ्या घेतेस का म्हणून विचारते. तिकडे ये म्हणत नाही, इकडे येते म्हणत नाही. संजयनं रात्रपाळी मागून घेतलीय, त्यामुळे तोही जिन्यात फारसा भेटत नाही.

श्यामला अजून कधीतरी दारात उभी राहून विचारते, पूर्वा दिसत नाही हल्ली? मी तिला सांगते, कामाचं फार असतं गं तिला.